भिंतीवरचे सात शब्द : वसई ते शहापूर-मुरबाड

विवेक, न्याय, धैर्य, संयम. या चार शब्दांत ख्रिस्ती असे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर 'फारसे काही नाही' असेच प्रामाणिक उत्तर द्यावे लागेल. तरीही कॅथलिक शाळांचे नीतिशिक्षण शतकानुशतके याच चार शब्दांवर उभे आहे. त्यांच्या जोडीला आणखी तीन शब्द येतात : श्रद्धा, आशा, प्रीती. एकूण सात.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे, सह्याद्रीला टेकलेले दोन तालुके. या भागात कॅथलिक संस्था शाळा चालवते तेव्हा तिच्या वर्गात बसणारी बहुतेक मुले कॅथलिक नसतात. ती कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी घरांतली असतात, महामार्गालगत किंवा कारखान्यांभोवती स्थायिक झालेल्या नोकरदारांची असतात. भिंतीवर, दैनंदिनीच्या पहिल्या पानावर, प्रार्थनेनंतरच्या सुविचारात त्यांना जे सद्गुण भेटतात त्यांची नावे शाळेगणिक बदलतात. कोठे करुणा, कोठे सेवा, कोठे सचोटी. पण थर उकलत गेले की तळाशी हीच सात नावे लागतात.

आजचा धागा या सात शब्दांच्या प्रवासाचा आहे. त्यांतील एका शब्दाकडे माझे विशेष लक्ष आहे, आणि तो शब्द म्हणजे 'न्याय'. बाकीचे सहा सद्गुण शाळेला मुलांना शिकवता येतात. न्यायाच्या बाबतीत मात्र परीक्षा आधी शाळेचीच होते, आणि उत्तर कोकणाच्या इतिहासात ती पुनःपुन्हा झाली आहे.

आधी यादीचा उगम पाहू.

पहिले चार गुण ग्रीकांचे. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये आदर्श नगरराज्याची लक्षणे म्हणून ते मांडले, तेव्हा ख्रिस्तजन्माला अजून जवळजवळ चार शतके अवकाश होता. पुढे अलेक्झांड्रियाच्या ग्रीकभाषी ज्यू वर्तुळातून आलेल्या 'शलमोनाचे ज्ञान' या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात ही चौकडी पुन्हा येते. (हा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये त्याला स्थान नाही. दोन्ही पंथांच्या शाळांमधील नीतिशिक्षणाचा सूर थोडा वेगळा का, याचा एक लहानसा धागा येथेही सापडतो.) रोमन काळात सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात तिची चर्चा केली. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज याने सिसेरोचाच आराखडा घेऊन ख्रिस्ती धर्मगुरूंसाठी ग्रंथ लिहिला. या चार गुणांना 'कार्डिनल' हे विशेषण लावणाराही तोच. लॅटिन भाषेत 'कार्डो' म्हणजे दाराची बिजागरी. बाकीचे सगळे सदाचरण ज्यांवर फिरते, ते हे चार गुण.

उरलेले तीन संत पौलाचे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात श्रद्धा, आशा आणि प्रीती एकत्र येतात आणि त्यांत प्रीती श्रेष्ठ ठरते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने चार आणि तीन यांची सांधेजोड केली. त्याच्या मते पहिले चार गुण मनुष्य सरावाने आणि बुद्धीने मिळवू शकतो, तर शेवटचे तीन ईश्वरी कृपेने लाभतात. या विभागणीचे महत्त्व ठाण्याच्या डोंगराळ भागात येईपर्यंत कळत नाही. चार गुण कोणत्याही धर्माच्या मुलाला त्याचा धर्म न विचारता शिकवता येतात, याची सोय त्या एका विभागणीत होऊन बसली आहे.

अक्वायनसने न्यायाची व्याख्या मात्र रोमन कायद्यातून उचलली : ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा. ही व्याख्या ध्यानात ठेवावी. येथे 'दान' हा शब्द नाही. जे द्यायचे ते आधीपासूनच घेणाऱ्याचे आहे.

हे सात शब्द कोकणच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात उतरले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर (१५४५ ते १५६३) कॅथलिक जगात प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाच्या पुस्तिकांची लाट आली. तीन ईशपर सद्गुण, चार प्रधान सद्गुण, दयेची चौदा कृत्ये, असे मोजून पाठ करण्याचे पाठ त्यांत असत. गोव्यात धर्मग्रामाच्या शाळेत वाचन, गायन आणि हे पाठांतर अशी तिहेरी शिकवण असे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टीच्या खेड्यांत आयुष्यभर राहिला. पोर्तुगीज जेझुइट मार्कुश जॉर्ज याच्या पुस्तिकेच्या आधारे त्याने कोंकणीत धर्मशिक्षणाची पुस्तिका तयार केली. ती त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ मध्ये, राशोल येथे रोमी लिपीत छापली गेली. आपल्याला तो अधिक परिचित आहे तो १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'मुळे. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. साष्टीत मुलांना धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण उभा राहतो आणि विचारतो की ही शिकवण ठीक आहे, पण आमची जुनी पुराणे आपण बंद केलीत, त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय?

याद्या पाठ होतात, पण त्यांनी मन भरत नाही, हे त्या गृहस्थाने नेमके ओळखले होते. स्टीफन्सने उत्तरादाखल ओवी हाती घेतली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले. परक्या सद्गुणांना मराठी घरात राहता येण्याची शक्यता तेथून सुरू होते. मला हा प्रसंग कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथाइतका मोलाचा वाटतो. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि शिक्षकाने आपली पद्धत बदलली.

पण याच काळाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. मार्च १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने एक फर्मान निघाले. गोव्यात पोरकी झालेली हिंदू बालके जेझुइटांच्या संत पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करावीत, त्यांना बाप्तिस्मा द्यावा, शिकवावे आणि सांभाळावे, असा त्याचा आशय होता. पुढे ते आई जिवंत असलेल्या मुलांनाही लावले गेले. अनाथाला आश्रय देणे ही दयेची कृती खरीच. परंतु ज्याची आई जिवंत आहे ते मूल अनाथ कसे? प्रीतीच्या नावाने न्यायाचा बळी देता येतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या किनारपट्टीवर दुसरे नाही.

वसईतही असाच एक पेच दिसतो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि लवकरच तेथे धर्मसंघांचे मठ व विद्यालये उभी राहिली. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखाली शिकला आणि त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथील भाषा त्याने आत्मसात केली. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याला क्रुसावर मारण्यात आले, आणि १८६२ मध्ये चर्चने त्याला संत घोषित केले. ज्या शाळेने त्याला धैर्य शिकवले, तिच्याच चालकांच्या पंगतीत त्याला पाट मिळाला नव्हता.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. युरोपीय धर्मसंघ निघून गेले आणि त्यांची विद्यालये ओस पडली. गावोगावचे ख्रिस्ती मात्र राहिले, आपापल्या बोलीत प्रार्थना म्हणत, देशी पाद्र्यांच्या आधाराने.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणावा. पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत खाड्यांच्या काठाने पसरला होता. वसई, आगाशी, साष्टी, ठाणे हा त्याचा गाभा होता. माहुलीचा किल्ला, म्हणजे आजचा शहापूर तालुका, आणि नाणेघाटाच्या पायथ्याचा मुरबाड हे निजामशाही, मोगल आणि मराठे यांच्या झगड्यातले प्रदेश. म्हणून वसईत चर्चच्या घंटा चारशे वर्षे ऐकू येतात आणि तेथून दिवसभराच्या मजलेवर असलेल्या डोंगरात त्यांचा मागमूस नसतो. शहापूर-मुरबाडमध्ये कॅथलिक शाळा पोहोचते ती विसाव्या शतकात. तीही विजेत्याबरोबर नव्हे, तर रेल्वे, कारखाने आणि स्थलांतर यांच्या मागोमाग. केरळातून आलेली अनेक कॅथलिक कुटुंबे कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात स्थायिक झाली होती. १९८८ मध्ये सिरो-मलबार पंथीयांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला तो या वस्तीमुळेच.

या दोन टोकांच्या मध्ये इंग्रजी अमदानीचा काळ येतो. त्यावर थोडे थांबावे लागेल, कारण आजच्या शाळेच्या भिंतीवर जे शब्द दिसतात त्यांतले निम्मे याच काळातले आहेत.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली, मात्र सरकार धर्मशिक्षणाकडे पाहणार नव्हते. मुंबईत जर्मन जेझुइटांनी १८६९ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालय सुरू केले आणि पारशी, हिंदू, मुसलमान घरांतील मुले त्यांच्या वर्गांत येऊ लागली. त्यांना येशूची शिकवण देता येत नव्हती, परंतु चारित्र्य घडवायचे तर होते. मग उपाय काय? तोच जुना : पहिले चार गुण. धर्म बाजूला ठेवून प्लेटो आणि सिसेरो पुढे करायचे.

१८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने याहून पुढची शिफारस केली. सर्व धर्मांना मान्य होतील अशा नैसर्गिक धर्मतत्त्वांवर आधारलेले नीतिपुस्तक तयार करून महाविद्यालयांत लावावे, असे त्याने सुचवले. आयोगाचे एक सदस्य होते काशिनाथ त्र्यंबक तेलंग. त्यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात या कल्पनेला विरोध नोंदवला, आणि सरकारनेही ती उचलून धरली नाही. सद्गुणांचे सरकारी पाठ्यपुस्तक निघावे की नाही, हा वाद दीडशे वर्षांनंतरही आपण घालत आहोत, आणि बहुधा तेलंगांइतक्या संयमाने नाही.

त्याच आयोगापुढे १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. नीतिपाठ कोणते असावेत, हा त्यांच्या निवेदनाचा गाभा नव्हता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांवर खर्च होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे, ही मागणी त्यातून आली. अक्वायनसची व्याख्या फुल्यांच्या निवेदनाशेजारी ठेवून पाहावी : ज्याचे आहे ते त्याला द्या. दोघांची भेट होण्याचे काही कारण नव्हते, पण शब्द एकच आहे.

याच काळात शाळेच्या यादीत आणखी काही पाहुणे घुसले. शिस्त, वक्तशीरपणा, टापटीप, नियमित हजेरी. हे सद्गुण प्लेटोचेही नव्हेत आणि पौलाचेही नव्हेत. ते घड्याळाच्या, कचेरीच्या आणि गिरणीच्या जगातून आले. मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण सातांच्या यादीत ते कधी नव्हते, आणि आज बहुतेक शाळा मुलाला 'गुणी' ठरवतात ते याच पाहुण्यांच्या जोरावर. ही अदलाबदल किती महागात पडते, ते पुढे येईलच.

मुंबईबाहेर, मराठी मुलखात, जेझुइटांनी वेगळा प्रयोग केला. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८७८ मध्ये, अहमदनगर जिल्ह्यात केंदळ येथे त्यांचे काम सुरू झाले. तेथे समोर पारशी सावकाराचा मुलगा नव्हता, गावकुसाबाहेरचे महार कुटुंब होते. शाळा मराठी होती, आणि शाळेत बसू देणे हीच मुळात न्यायाची कृती होती. नंतर पहिल्या महायुद्धात जर्मन जेझुइटांना देश सोडावा लागला आणि त्यांची जागा स्पेनच्या जेझुइटांनी घेतली. (आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले फादर हेनरी हेरास १९२२ मध्ये याच बदलातून मुंबईत आले.) मुंबईची इंग्रजी शाळा आणि नगरची मराठी शाळा, या दोन परंपरा तेथून पुढे समांतर चालत राहिल्या. शहापूर-मुरबाडसारख्या ठिकाणी आज प्रश्न उभा राहतो तो याच दुभंगातून. ही शाळा कोणत्या परंपरेची वारस?

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टींनी चौकट बदलली. पहिली राज्यघटना. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. अनुच्छेद २८ ने सांगितले की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीविना धर्मशिक्षणाला बसवता येणार नाही. यातून कॅथलिक शाळांची ती सुपरिचित तासिका जन्मली, जेव्हा वर्ग दोन भागांत विभागला जातो. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात, बाकीची 'मॉरल सायन्स'ला बसतात. एका खोलीत सात गुण, शेजारच्या खोलीत चार. अक्वायनसची विभागणी अशी वेळापत्रकात उतरली.

दुसरी गोष्ट रोममध्ये घडली. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईच्या आंतरराष्ट्रीय पवित्र मिस्सा परिषदेसाठी आले होते. त्यानंतर वर्षभराच्या आत, २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दोन जाहीरनामे मंजूर केले. एक ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा, दुसरा अन्य धर्मांशी असलेल्या संबंधांविषयीचा. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी भूमिका दुसऱ्याने घेतली. १५५९ च्या फर्मानापासून हे अंतर चारशे सहा वर्षांचे. १९७३ मध्ये जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी व्हॅलेन्सिया येथे आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात विचारले की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का? आणि उत्तर त्यांनी स्वतःच दिले की नाही. श्रोत्यांतले कित्येक जण त्या भाषणाने नाराज झाले होते. शाळेचा चालक स्वतःच्या शाळेची झडती घेतो, हे विरळाच.

आता डोंगरात परत येऊ.

शहापूर-मुरबाडच्या वर्गात 'धैर्य' शिकवायचे असेल, तर सिंहांच्या गुहेतल्या दानिएलाची गोष्ट सांगता येते. ती चांगलीच आहे. पण मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. भाई कोतवाल हे माथेरानचे वकील. त्यांनी तेथे गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या आणि १९४२ मध्ये ते भूमिगत झाले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आजही दर वर्षी त्या दिवशी तेथे लोक जमतात. स्टीफन्सने स्वर्गाला वैकुंठ म्हटले, त्या न्यायाने येथील शिक्षकाने धैर्याला सिद्धगड म्हणावे, असे मला वाटते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

'विवेक' आणि 'संयम' यांना तर परकेपणाच नाही. ज्ञानेश्वरी आणि दासबोध ज्या घरांत वाचले जातात, जेथे वारीला जाणारे आजोबा आहेत, तेथे हे शब्द शाळेच्या आधीपासून नांदत आहेत.

अडते ते 'प्रीती'पाशी. लॅटिन 'कारितास'पासून इंग्रजीत 'चॅरिटी' झाले आणि त्या शब्दाचा अर्थ हळूहळू आकसत दानधर्मापुरता उरला. मराठी बायबलने 'प्रीती' हा शब्द घेऊन मूळ अर्थ राखला, पण शाळांच्या व्यवहारात इंग्रजी अर्थच जिंकला. नाताळच्या आधी जुने कपडे, तांदूळ, वह्या गोळा करून पाड्यावर नेऊन वाटणे, छायाचित्र काढणे. देणाऱ्या मुलाला आपण चांगले आहोत असे वाटते. घेणारे मूल त्याच वर्गात का नाही, हा प्रश्न त्या दिवशी कोणी काढत नाही.

कारण तो प्रश्न 'न्याया'चा आहे, आणि या दोन तालुक्यांत न्यायाची उदाहरणे पुस्तकात शोधावी लागत नाहीत. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले आणि शहापूरच्या डोंगरातले पाणी मुंबईला जाऊ लागले. पुढे वैतरणा आणि भातसा आली. एवढी धरणे उशाशी असूनही शहापूर तालुक्यातील कित्येक गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्याचे आहे ते त्याला देण्याविषयीचा धडा येथे नळाच्या तोटीपासून सुरू करता येईल.

आणि कातकरी. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून हे नाव. महाराष्ट्रात विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या आदिवासी गटांपैकी ही एक जमात. जंगल कायद्यांनी मूळ व्यवसाय गेला, मग सावकाराचे कर्ज आले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी आयुष्य गहाण टाकणाऱ्या माणसाला ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' म्हणत. एका शब्दात एवढी मोठी गुलामगिरी मावू शकते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. पण कायदा पाड्यापर्यंत पोहोचायला १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांचे लढे लागले. वेठ संपली तरी वीटभट्टी आहे. दिवाळीनंतर कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात आणि मुले सोबत जातात. वर उल्लेखिलेला 'नियमित हजेरी' हा सद्गुण येथे काय करतो ते पाहावे. भट्टीवर गेलेले मूल त्या यादीनुसार दुर्गुणी ठरते. जुन्या सातांच्या यादीनुसार ठरत नाही.

याच जिल्ह्याच्या उत्तर भागात (आता तो पालघर जिल्हा) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याचे एक उत्तर शोधले होते. १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी शाळाच मुलांच्या मागे नेली. अंगणात, आणि पुढे गुरे चारणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात. मूल शाळेत येत नसेल तर चूक शाळेची, हे त्यांचे गृहीत. त्या दोघींनी त्याला न्याय म्हटले की नाही ते सोडा, केले मात्र तेच.

आता कायद्याचा शेवटचा धागा, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा खरा पेच. २०१० च्या एप्रिलपासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या प्रवेशात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या होत्या. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 'प्रमती' खटल्यात निर्णय दिला की अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा कायदा लागू होणार नाही. अनुच्छेद ३० चे रक्षण त्यामागे होते आणि त्या अनुच्छेदाची गरज मी नाकारत नाही. ज्या समाजाच्या शाळांवर हल्ले होऊ शकतात, त्याला ही ढाल हवीच. पण परिणाम असा झाला की मुरबाडच्या वाडीवरचे कातकरी मूल कॅथलिक शाळेच्या दारात कायद्याचा हक्क घेऊन उभे राहू शकत नाही. त्याला आत घ्यायचे की नाही, हे सर्वस्वी शाळेच्या सद्गुणांवर सोडले गेले.

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या २००७ च्या शिक्षणधोरणात गरीब आणि वंचितांना अग्रक्रम देण्याचे वचन आहे. काही शाळा ते पाळतात, शुल्क माफ करतात, वसतिगृहे चालवतात. काही शाळांत दर वर्षी वाढणारे शुल्कच दाराची कडी होऊन बसते. कायद्याने सूट दिलेली असताना स्वतःहून देणे याला सद्गुण म्हणतात, असा युक्तिवाद कोणी करील. मला तो अर्धाच पटतो. अक्वायनसची व्याख्या पुन्हा आठवावी. ती जागा मुळात त्या मुलाची असेल, तर ती देणे ही कृपा कशी?

२०२४ मध्ये बिशप परिषदेने आपल्या शाळांना नव्या सूचना दिल्या. अन्य धर्मीय मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी खोली असावी, परिपाठात राज्यघटनेची उद्देशिका वाचली जावी, ती प्रवेशद्वाराशी लावली जावी. म्हणजे आता भिंतीवर दोन याद्या आल्या. एक प्लेटो आणि पौल यांची, दुसरी संविधानसभेची : न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तर दोन शब्द दोहोंकडे सापडतात. 'श्रद्धा' उद्देशिकेतही आहे, पण तेथे तो सद्गुण नसून ज्याच्या-त्याच्या स्वातंत्र्याचा विषय आहे. 'न्याय' मात्र दोन्हीकडे कर्तव्य म्हणूनच उभा आहे, आणि उद्देशिकेत त्याचा क्रम पहिला आहे.

१ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने 'प्रमती' निर्णयाविषयीच शंका उपस्थित केली. तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यास त्यांनी सांगितले. तेथे काय ठरेल ते ठरेल. दरम्यान भट्टीवरची कुटुंबे गावी परततात ती पावसाच्या तोंडावर, आणि इंग्रजी माध्यमाच्या बहुतेक शाळांचे पहिलीचे प्रवेश तोवर पूर्ण झालेले असतात.